आयर्लंड गाडीने फिरायचंय? व्हिसाच्या अर्जापासून गाडीची किल्ली परत देईपर्यंत

आयर्लंडचा पश्चिम किनारा पाहायचा असेल तर भाड्याची गाडी घ्या आणि स्वतः चालवा. डब्लिनहून सकाळी सुटणाऱ्या पर्यटक बस मोहरच्या कड्यांवर थोडा वेळ सोडतात आणि रात्री परत आणतात. मधली खेडी, दगडी बांधांची शेतं, मेंढरांनी अडवलेले रस्ते हे सगळं खिडकीबाहेरून निघून जातं. मी आणि माझी मैत्रीण पुण्याहून गेलो, दोघींनी आळीपाळीने गाडी चालवली आणि परत आल्यापासून ओळखीचे लोक तेच ते प्रश्न विचारत आहेत. म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

सुरुवातीलाच सांगते: या देशात अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, तासांत मोजा. तुमची आखणी, मुक्काम, दोघांतली भांडणं, सगळं या एका हिशेबावर ठरतं.

१. व्हिसा: शेंगेनवर जाता येत नाही

आयर्लंड युरोपीय संघात आहे, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. फ्रान्स किंवा जर्मनीचा व्हिसा इथे चालत नाही. भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी आयर्लंडचा स्वतंत्र अल्पमुदतीचा, म्हणजे 'सी' प्रकारचा व्हिसा लागतो. त्यावर जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. अर्ज आयरिश सरकारच्या ऑनलाइन प्रणालीवर भरायचा, त्याचा सारांश छापून सही करायची आणि कागदपत्रांसह व्हिसा केंद्रात द्यायचा. एका प्रवेशाच्या व्हिसाची फी ६० युरो, अनेक प्रवेशांची १०० युरो; केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो. तो पहिल्या आठवड्यातच करा आणि निकालाला आठ आठवडे लागतील असं धरून चाला.

सोबत लागणारे कागद:
- चालू पासपोर्ट (मुदत निदान वर्षभर शिल्लक असावी) आणि जुने पासपोर्ट
- फोटो
- सहीचं पत्र: का जाता आहात, कुठे राहणार, कोणासोबत, खर्च कोण करणार, परत कधी येणार
- सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, पगाराच्या पावत्या, नोकरीच्या ठिकाणचं रजेचं पत्र
- दिवसवार आराखडा आणि मुक्कामांची बुकिंग
- प्रवास विमा

इथे लोक तीन ठिकाणी अडकतात. एक, अर्जाच्या आधी खात्यात अचानक मोठी रक्कम येते आणि ती कुठून आली याचा खुलासा कुठेच नसतो. वडिलांनी दिली असेल तर तसं लिहा, त्यांचं स्टेटमेंट जोडा. दोन, आधी कुठल्याही देशाने व्हिसा नाकारला असेल तर तो लपवू नका, नकाराचं पत्रच जोडा. तीन, मराठीतला कागद तसाच देऊ नका. सातबारा किंवा विवाहाचा दाखला जोडायचा असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं. आणि व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका. मुक्कामही विनाशुल्क रद्द होणारेच धरा.

दोघांचे अर्ज वेगळे असले तरी आराखडा एकच असू द्या. एकाच्या पत्रात दहा दिवस आणि दुसऱ्याच्या पत्रात चौदा, असं झालं की शंका येणारच.

मैत्रीण किंवा मित्र इंग्लंडमध्ये राहत असेल आणि तिथून येणार असेल तर लक्षात ठेवा: इंग्लंडमध्ये नोकरी-शिक्षणासाठी राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही आयर्लंडचा व्हिसा काढावाच लागतो. लंडनमार्गे विमान बदलणार असाल तर ब्रिटनचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे तिकिटाआधी तपासा. आखाती शहरांमार्गे जाणं मला त्या मानाने सोपं वाटलं.

२. उत्तर आयर्लंडची सीमा, जी दिसत नाही

हा मुद्दा मुद्दाम वेगळा ठेवला आहे. उत्तर आयर्लंड ब्रिटनचा भाग आहे. सीमेवर ना नाका, ना पोलीस. वेगाच्या पाट्या किलोमीटरऐवजी मैलांच्या होतात आणि रस्त्याच्या कडेची पिवळी रेघ पांढरी होते, एवढंच. पण नाका नाही म्हणजे परवानगी आहे असं नाही; नुसत्या आयरिश व्हिसावर तिकडे जाणं बेकायदा आहे. भारतीयांसाठी ब्रिटन आणि आयर्लंडची एक संयुक्त योजना आहे. तिचा शिक्का व्हिसावर असेल तर दोन्हीकडे फिरता येतं, मात्र ज्या देशाने व्हिसा दिला त्या देशात आधी उतरावं लागतं.

यातला खरा सापळा नकाशाच्या ॲपचा आहे. डब्लिनहून डॉनेगॉलच्या लेटरकेनीला जायचं म्हटलं तर ॲप सरळ ओमावरून रस्ता काढतं, म्हणजे उत्तर आयर्लंडमधून. परवानगी नसेल तर स्लायगोवरून वळसा घ्या आणि तो वळसा आखणीतच धरा.

३. गाडी चालवण्याचा परवाना

आपल्या भारतीय परवान्यावर पर्यटक म्हणून आयर्लंडमध्ये गाडी चालवता येते. तरीही आंतरराष्ट्रीय परवाना काढाच, कारण भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर तो मागितला गेला आणि नसला तर वाद घालून उपयोग नसतो. परिवहन विभागाच्या सारथी पोर्टलवर अर्ज करायचा, फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. तो मूळ परवान्यासोबतच ग्राह्य असतो. नुसती पुस्तिका घेऊन जाल आणि मूळ कार्ड घरी राहील, असं करू नका. इंटरनेटवर खासगी संकेतस्थळं 'आंतरराष्ट्रीय परवाना' घरपोच देतात. ते घेऊ नका. भारतीय परवान्यासाठी तो आरटीओकडूनच आला पाहिजे.

दोघांनीही काढा. एकच जण गाडी चालवणार असं घरी ठरलेलं असलं तरी तिसऱ्या दिवशी पाठ दुखायला लागते.

४. आखणी: कमी गावं, जास्त रात्री

डब्लिन ते गॉलवे सुमारे २१० किलोमीटर, मोटरवेने अडीच तास. ते बघून वाटतं, सगळा देश चार दिवसांत होईल. पण गॉलवेच्या पुढे मोटरवे उपयोगाचा राहत नाही. तिथून क्लिफ्डन जेमतेम ८० किलोमीटर आहे आणि दीड तास लागतो, तोही कुठे न थांबता. न थांबणं तिथे कोणाला जमत नाही. ॲप जो वेळ दाखवेल त्यात निम्म्याने भर घाला आणि दिवसाला तीन-साडेतीन तासांपेक्षा जास्त गाडी चालवायची नाही असं ठरवा.

महिना विचाराल तर मे किंवा सप्टेंबर. जूनमध्ये पश्चिमेला रात्री दहापर्यंत उजेड असतो, पण गर्दी आणि भाडी दोन्ही चढायला लागतात. डिसेंबरात चार-सव्वाचारला अंधार पडतो आणि अनोळखी अरुंद रस्त्यावर अंधारात गाडी चालवायची वेळ येऊ देऊ नये.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी हा मार्ग सांगते:

डब्लिनमध्ये दोन रात्री, गाडीशिवाय. शहरात गाडी म्हणजे नुसता पार्किंगचा खर्च, आणि लांबच्या विमानप्रवासानंतर झोप पूर्ण होण्याआधी स्टिअरिंगवर बसू नये.

मग पश्चिमेकडे. वाटेत शॅनन नदीकाठचा क्लोनमॅकनॉइजचा सहाव्या शतकातला मठ बघा आणि कॉनेमारात क्लिफ्डनजवळ दोन रात्री राहा. इथे घाई करू नका. लीनेनहून लुइसबर्गकडे जाणारा आर ३३५ हा रस्ता डू लॉफच्या तळ्याकाठून जातो. दोन्ही बाजूंना उघडे डोंगर आणि मैलोन् मैल एकही घर नाही. १८४९ च्या मार्चमध्ये, बटाट्याच्या दुष्काळात, मदतीच्या आशेने याच वाटेने शेकडो उपाशी माणसं चालत गेली आणि त्यांतली कित्येक रस्त्यातच मेली. तिथे दगडी क्रूस आहे. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, थोडा वेळ उभे राहा. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं गेली आणि जवळपास तितकीच देश सोडून गेली. आज दिसणारी ती रिकामी माळरानं नुसता 'निसर्ग' नाहीत, हे इथे कळतं.

याच भागात बॅलिनाहिंचचा वाडा आहे. तो १९२० च्या दशकात आपल्या रणजितसिंहजींनी, म्हणजे ज्यांच्या नावाने रणजी करंडक आहे त्यांनी, विकत घेतला होता. आता तिथे हॉटेल आहे. क्रिकेटवेड्या माणसाने वाकडी वाट करून जावं.

तिसरा टप्पा डूलिन, एक किंवा दोन रात्री. बरेनचा चुनखडीचा पठारी प्रदेश, तिथली पोलनाब्रोनची अश्मयुगीन समाधी आणि मोहरचे कडे. कडे सर्वांत उंच ठिकाणी २१४ मीटर आहेत आणि वारा अनपेक्षितपणे झोडपतो. फोटोसाठी कठड्यापलीकडे जाणारे लोक दिसतील, त्यांच्या मागे जाऊ नका. तिकीट ऑनलाइन काढा आणि सकाळी उघडल्या उघडल्या किंवा संध्याकाळी जा. दुपारी बस आलेल्या असतात.

तिथून दक्षिणेला जाताना शॅननच्या मुखाला वळसा घालू नका. किलिमरहून टार्बर्टला गाडीसकट बोटीने जाता येतं, वीस मिनिटांत. रस्त्याचे शंभराहून अधिक किलोमीटर वाचतात आणि चालवणाऱ्याला समुद्राचं वारं मिळतं.

मग डिंगलमध्ये दोन रात्री. स्ले हेडचा फेरा घड्याळाच्या काट्याच्या दिशेनेच करा, कारण मोठ्या गाड्या त्याच दिशेने जातात आणि कड्यावरच्या अरुंद जागी त्या समोरून आल्या तर मागे जायची वेळ तुमच्यावर येते. शेवटी केनमेअर किंवा किलार्नी. 'रिंग ऑफ केरी'चा फेरा १७९ किलोमीटरचा आहे. त्यावर पर्यटक बस घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. सकाळी आठच्या आत निघालात तर त्यांच्या पुढे राहता. उशीर झाला तर सगळा फेरा करायचा हट्ट सोडा आणि पोर्टमगीकडच्या टोकाला जा, तिथल्या रस्त्यांवर बस जात नाहीत. स्केलिग मायकल बेटावर उतरायचं असेल तर बोटी साधारण मेच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतच असतात, जागा फार कमी असतात आणि समुद्र खवळला तर फेरी रद्द होते. सहाशेहून अधिक दगडी पायऱ्या आहेत, कठडे नाहीत. उंचीची भीती असलेल्या मैत्रिणीला आग्रह करू नका.

परतताना कॅशेलच्या खडकावरचं जुनं धर्मपीठ बघून मोटरवेने डब्लिन.

५. गाडी बुक करताना

आयर्लंडमध्ये गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, स्टिअरिंग उजवीकडे. निम्मी भीती इथेच संपते. बाकीच्या निम्म्यासाठी हे पाहा:

लहान गाडी घ्या. दोन माणसं आणि दोन बॅगा मावल्या की पुरे. फुकट मोठी गाडी देऊ केली तरी नको म्हणा. अरुंद रस्त्यावर प्रत्येक इंच महाग असतो. ऑटोमॅटिक हवी असेल तर खूप आधी बुक करा, कारण त्या कमी असतात.

मुख्य चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. डेबिट आणि फॉरेक्स कार्ड बऱ्याच ठिकाणी अनामतीसाठी चालत नाही. कार्डावर परदेशी व्यवहार सुरू करून घ्या आणि मर्यादा पुरेशी आहे ना ते बघा. २५ वर्षांखालच्यांना जादा शुल्क लागतं किंवा गाडी मिळतच नाही. दुसऱ्या चालकाचं नाव करारात असलंच पाहिजे. नाव नसताना तिने 'दहा मिनिटं' चालवली आणि घासलं, तर विमा लागू होत नाही.

विमा हा सगळ्यांत गोंधळाचा भाग. ऑनलाइन भाड्यात जो मूळ विमा असतो त्यात नुकसानीचा पहिला मोठा हिस्सा, दोन-तीन हजार युरोंपर्यंतसुद्धा, तुमच्या खिशातून जातो. तो शून्यावर आणायचे दोन मार्ग: काउंटरवर पूर्ण विमा घ्या, किंवा आधीच दुसऱ्या कंपनीकडून त्या हिश्श्याचा स्वतंत्र विमा काढा. दुसरा स्वस्त पडतो, पण मग काउंटरवर मोठी अनामत अडकते आणि नुकसान झालं तर आधी पैसे भरून नंतर मागावे लागतात. पहिल्या खेपेला मी पूर्ण विमा घ्यायला सांगेन. टायर, काच आणि गाडीचा तळ त्यात येतो का, हे वाचून घ्या, कारण आयरिश रस्त्यांवर नुकसान होतं ते बहुधा टायरचं आणि आरशाचं.

६. बॅगेत काय, काय नाही

युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, बर्फी, चीज घरीच राहू द्या. आंबे आणि कढीपत्ताही नको. थालीपीठाची भाजणी, मेतकूट, कोरडा चिवडा, चटणी, चहा-मसाला न्या, बंद पाकिटात आणि वर नाव लिहून.

पाणी न शिरणारं जाकीट आणि पाणी न शिरणारे बूट हवेत. छत्री किनाऱ्यावर उलटी होते. थरावर थर घालता येतील असे कपडे, ब्रिटिश पद्धतीच्या चौकोनी तीन पिनांचा अडॅप्टर, फोनसाठी धारक, चार्जिंगची वायर. पासपोर्ट, दोन्ही परवाने, गाडीचा करार आणि विमा एका फोल्डरमध्ये, त्याच्या प्रती दोघींच्या फोनमध्ये.

७. गाडी ताब्यात घेताना

चारही बाजू, चारही टायर, काचा, डिक्की, इंधनाचा काटा यांचा व्हिडिओ घ्या. ओरखडे त्यांच्या कागदावर नोंदवून घ्या. इंधन पेट्रोल की डिझेल, ते विचारा आणि टाकीच्या झाकणावर वाचा. तिथे पंपावर पेट्रोलची नळी हिरव्या मुठीची आणि डिझेलची काळ्या मुठीची असते. 'ग्रीन डिझेल' लिहिलेला पंप दिसला तर हात लावू नका. ते शेतीच्या ट्रॅक्टरसाठी रंग घातलेलं, सवलतीचं इंधन आहे आणि रस्त्यावरच्या गाडीत भरणं गुन्हा आहे. पंपावर भरायला माणूस नसतो. बऱ्याच ठिकाणी स्वतः भरायचं, मग दुकानात जाऊन पंपाचा नंबर सांगून पैसे द्यायचे. पश्चिमेला टाकी अर्धी झाली की भरून घ्या.

एम ५० च्या टोलबद्दल इथेच विचारा. डब्लिनच्या या वळणरस्त्यावर टोलनाका नाही, कॅमेरे आहेत. विमानतळावरून गॉलवेकडे निघालात की तो लागतोच. काही कंपन्या तो तुमच्या कार्डावर आपोआप लावतात. नसतील लावत, तर दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत ऑनलाइन किंवा दुकानात भरायचा, नाहीतर दंड वाढत जातो.

८. प्रत्यक्ष रस्त्यावर

रस्त्यांच्या नंबराआधीचं अक्षर वाचायला शिका. एम म्हणजे मोटरवे, वेग ताशी १२० किलोमीटर, एन, म्हणजे राष्ट्रीय रस्ते, १००, आर, म्हणजे प्रादेशिक रस्ते, ८०, आणि एल, म्हणजे गावरस्ते, ६०. एलवरची मर्यादा फेब्रुवारी २०२५ मध्ये ८० वरून ६० वर आणली. गावात ५०. या मर्यादा आहेत, गाठायचे आकडे नाहीत. एल रस्त्यावर ४० सुद्धा पुष्कळदा जास्त वाटतात. ॲप दोन मिनिटं वाचवण्यासाठी एल रस्त्यावर ढकलतं. दिसायला तो कोकणात आतल्या वाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यासारखा, मधोमध गवत उगवलेला, फक्त दोन्हीकडे झुडपांच्या आड दगडी बांध. शक्यतो एन आणि आर धरून राहा.

राउंडअबाउटवर आपल्या सर्कलसारखं घुसायचं नाही. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग शिरायचं. मोटरवेवर डावी लेन धरायची. उजवी फक्त ओव्हरटेकसाठी. हॉर्नची सवय सोडा. समोरच्याने दिवे चमकवले तर त्याचा अर्थ बहुतेकदा 'तुम्ही या' असा असतो, 'मी येतोय' असा नाही.

अरुंद रस्त्यावर समोरून गाडी आली तर ज्याच्या मागे रुंद जागा जवळ असेल त्याने मागे जायचं. म्हणून निघण्याआधी रिकाम्या मैदानात रिव्हर्सचा भरपूर सराव करा. जाताना समोरचा स्टिअरिंगवरचं एक बोट उचलेल, तुम्हीही उचला. मागे गाड्यांची रांग लागली तर जागा मिळताच डावीकडे थांबून त्यांना जाऊ द्या. मेंढरं रस्त्यात बसली असतील तर हळूहळू पुढे सरका, उठतात. शेताचं फाटक उघडलंत तर लावून घ्या.

किनाऱ्यावर गाडी थांबवल्यावर दार हाताने घट्ट धरून उघडा. वाऱ्याने दार मागे फेकलं तर बिजागरी वाकते आणि ते नुकसान पुष्कळदा विम्यात धरत नाहीत.

डिंगलच्या टोकाकडच्या आयरिशभाषी भागात पाट्या फक्त आयरिशमध्ये असतात. ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा, कारण डोंगरात नेटवर्क जातं. बहुतेक पत्त्यांना 'एअरकोड' नावाचा सात अक्षर-आकड्यांचा स्वतंत्र क्रमांक आहे. बुकिंग करतानाच तो मागून घ्या. खेड्यात घरनंबर नसतात, एअरकोड टाकला की थेट दारात पोचता.

दोघांत कामं वाटून घ्या. चालवणाऱ्याने फोनला हात लावायचा नाही, तो गुन्हाही आहे. शेजारच्याने पुढचं वळण एक वळण आधी सांगायचं, डाव्या आरशाकडे लक्ष ठेवायचं आणि झोपायचं नाही. दर दीड तासाने अदलाबदल. आम्हाला यामुळे दोघींनाही डोंगर बघता आले. पबमध्ये जाणार असाल तर ज्याच्याकडे किल्ली आहे त्याने अजिबात घ्यायची नाही. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम आहे, पण एका ग्लासचा हिशेब मांडत बसू नये. तातडीला ११२ किंवा ९९९.

९. मुक्काम आणि जेवण

घरगुती बी अँड बी, म्हणजे न्याहारीसकट घरातली खोली, निवडा. घरमालकीण कुठला रस्ता बंद आहे, कुठे आज धुकं असेल हे सकाळी सांगते, आणि ते कुठल्याही ॲपवर मिळत नाही. वराडकरांचं नाव निघण्याचीही शक्यता आहे. आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे. तुम्ही त्या बाजूचे असाल तर गप्पांना विषय मिळाला म्हणून समजा.

आयरिश न्याहारीत बेकन, सॉसेज आणि 'ब्लॅक पुडिंग' असतं. ब्लॅक पुडिंग डुकराच्या रक्तापासून करतात. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच सांगा, अंडी, मशरूम, टोमॅटो, पॉरिज, ब्राऊन ब्रेड आनंदाने देतात. भाजीचं सूप मागवताना ते चिकनच्या पाण्यात केलंय का, विचारा. खेड्यातल्या पबचं स्वयंपाकघर रात्री आठ-नऊला बंद होतं. उशीर होणार असेल तर दुपारीच दुकानातून ब्रेड, चीज, फळं घेऊन ठेवा.

१०. गाडी परत करताना

विमानाच्या साडेतीन-चार तास आधी विमानतळाजवळ पोचा. टाकी जवळच्या पंपावर पूर्ण भरा आणि पावती ठेवा. गाडी आत-बाहेरून पुन्हा व्हिडिओत घ्या, शक्यतो कर्मचाऱ्यासमोर, आणि 'नुकसान नाही' असं लेखी किंवा ईमेलवर मागून घ्या. शेवटच्या दिवशी एम ५० ओलांडला असेल तर टोल भरूनच विमानात बसा. अनामत सुटायला काही दिवस लागतात. ती सुटेपर्यंत करार, पावत्या आणि दोन्ही व्हिडिओ फोनमधून काढू नका.